परक्या मातीचा बंदोबस्त

एखादी जमीन माणसाच्या पायापासून जपायची असेल, तर ती जपण्यासारखी आहे हे आधी माणसांना पटवून द्यावे लागते. आणि ते पटवून द्यायचे तर त्यांना तिच्यावर आणून उभे करावे लागते. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या स्कार्वोय बेटाचा सगळा कारभार या एका तत्त्वावर चालतो. परकीय जीव प्रतिबंध व बूट-स्वच्छता समितीचा चिटणीस या नात्याने मी अभिमानाने सांगू शकतो, की तो उत्तम चालतो.

कोळशाची खाण होती तोवर बेटावर निसर्ग आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. खाण बंद पडली, निम्मे गाव निघून गेले, उरलेल्यांनी पोटापाण्यासाठी इकडेतिकडे पाहिले, तेव्हा तो दिसला. तो भरपूर होता आणि कुणाचा हात न लागलेला होता. (आमचा लागला होता, पण तो कोळशाला.) आता उन्हाळाभर पांढऱ्या बोटी येतात. आमच्या सगळ्या गावात जितकी डोकी आहेत त्याच्या कितीतरी पट एका बोटीत असतात, आणि ती सगळी एकच गोष्ट पाहायला येतात: जिथे कुणी येत नाही अशी जागा.

अशा जागेला सर्वांत मोठा धोका असतो तो बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीचा. त्या चिमटीत कुणाची अंडी असतील सांगता येत नाही. आमच्या शेवाळाखालचे मूळ रहिवासी टाचणीच्या डोक्याहून लहान, सोशिक आणि कमालीचे संथ आहेत. त्यांतल्या काहींना वयात यायलाच दोन-तीन उन्हाळे लागतात. अशांच्या घरात बाहेरचा खादाड पाहुणा शिरला, तर ते बिचारे तक्रारसुद्धा करायचे नाहीत. तक्रार करणारे कुणीतरी हवे म्हणून समिती स्थापन झाली.

समितीने पहिल्याच वर्षी धक्क्यावर बूट-स्वच्छता केंद्र उभारले. बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाने तिथे बूट ब्रशने घासायचे, तळव्याच्या खाचा खिळ्याने कोरायच्या, खिसे उलटे करायचे, पिशवीचा तळ झटकायचा आणि मग बेटावर पाऊल ठेवायचे. पाहुण्यांचे हात गारठू नयेत म्हणून गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या ऊबघरातून थेट नळी टाकून कोमट पाण्याची सोय केली आहे. ते पाणी गोठू नये म्हणून ते रात्रंदिवस वाहते. घासून निघालेली माती लाकडी फळ्यांच्या फटींतून खाली पडते. खाली गेल्यावर तिचे काय होते हे पाहण्याची तरतूद नियमावलीत नाही. ती माती तेव्हा 'काढलेली' असते, आणि जे काढले ते नसते.

केंद्राची आकडेवारी कुणालाही हेवा वाटावा अशी आहे. गेल्या हंगामात केंद्रातून गेलेल्या प्रवाशांपैकी शंभर टक्के प्रवासी केंद्रातून गेले. त्यांतल्या नव्वद टक्क्यांनी बूट घासतानाचे स्वतःचे फोटो काढले. (उरलेल्यांचे इतरांनी काढले.) मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा संस्थेने आम्हाला पितळी पाटी दिली. ती कचेरीच्या दारावर आहे आणि अध्यक्षा गुन्वोर स्वतः ती घासते. गुन्वोर पूर्वी टपाल सांभाळायची. पत्ता नसलेली वस्तू तिला सहन होत नाही. आमच्याकडे राजा सोडून सगळ्यांना अरेतुरे करायची पद्धत आहे, त्यामुळे अध्यक्षांना 'अगं' म्हणण्यात अवमान नाही.

तर अशा या निर्मळ बेटावर ऑगस्टमधल्या एका दुपारी पाहुण्यांचा एक घोळका अस्वल पाहायला गेला आणि नेहमीप्रमाणे न पाहता परत आला. धक्क्याच्या वाटेवर लाल जाकिटातल्या एका बाईंना ओल्या खडीवर एक प्राणी दिसला. त्या ओरडल्या, बाकीचे धावले, कॅमेरे निघाले. एक गृहस्थ तर पोटावर पालथे पडून फोटो घेत होते. गर्दी पाहून गुन्वोर तिथे गेली.

"हे तुमच्याकडचं खास जनावर का?" बाईंनी विचारले.

"नाही," गुन्वोर म्हणाली. "हे गांडूळ आहे."

"अगंबाई. तरी म्हटलं, आमच्या हिरवळीवरच्यासारखं दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कॅमेरा मिटला.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची सभा भरली. समितीत आम्ही तिघे: गुन्वोर, मी आणि बोटींचा एजंट आर्नफिन. (बोटी आणणारा माणूस समितीत कसा, असे काही लोक विचारतात. बोटींबद्दलची माहिती दुसरे कोण देणार?) घुसखोर कोण हे ठरवण्याआधी घरचा कोण हे ठरवणे भाग होते. म्हणून एकमताने व्याख्या केली: जो जीव माणसाच्या मदतीशिवाय बेटावर आला तो स्थानिक, बाकीचे परकीय.

व्याख्या सुटसुटीत होती आणि तिने चांगली सुरुवात केली. रानहंस स्थानिक ठरले. ते हिवाळा स्कॉटलंडच्या शेतांत चिखल तुडवत काढतात आणि वसंतात बोटांच्या बेचक्यांत तोच चिखल घेऊन येतात, पण स्वतःच्या पंखांनी येतात. (त्यांना ब्रश लावण्याचा माझा ठराव मनुष्यबळाअभावी स्थगित आहे.) रेनडिअर स्थानिक ठरले. मग आर्नफिनने विचारले, "आणि आपण?"

"आपण काय?" गुन्वोर म्हणाली.

"मी तर इथलाच आहे. आमचे आजोबा खाणीत होते."

"तुझा जन्म कुठला?"

"मुख्य भूमीवरचा. आईला बोटीनं पाठवलं होतं. सगळ्यांनाच पाठवतात."

"आणि आजोबांना कुठं पुरलं?"

आमच्याकडे बाळंतपण होत नाही. दिवस भरत आले की बाईची रवानगी मुख्य भूमीवर होते. आणि गोठलेल्या जमिनीत पुरलेला माणूस काही वर्षांनी वर येतो, म्हणून मेलेल्याचीही तिकडेच. तेव्हा मी इतिवृत्तात पुढीलप्रमाणे नोंद केली: "माणूस. परकीय. बेटावर आढळतो, चरतो, पण रुजत नाही. तात्पुरता." ठराव एकमताने संमत झाला आणि आम्ही कॉफी घेतली.

आता प्रश्न उरला गांडुळाचा. आमच्या बेटावर गांडूळ म्हटले की माती, आणि माती म्हटली की मोत्रिया.

मोत्रिया युक्रेनच्या गवताळ मुलखातली. खाणीच्या भरभराटीत कंपनीने तिकडून माणसे आणली, त्यांच्या तोंडाला चव यावी म्हणून काचघर बांधले आणि काचघरासाठी माती आणली. कोळसा घेऊन गेलेली बोट परतताना रिकामी असली की समुद्रात फार डुलते, म्हणून तिच्या पोटात तिकडची काळीभोर माती भरून आणत. मोत्रिया आणि तिची माती एकाच बोटीने आल्या. खाण बंद झाली तेव्हा तिची माणसे परत गेली, ती राहिली. खाणकामगार तिला मोत्रियामावशी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तिच्या खेड्यावरून पुढे युद्ध गेले. ते खेडे आता नकाशावर आहे, जागेवर नाही.

ती काकड्या, मुळे, कांद्याची पात आणि शेपू पिकवी आणि गावाला विकी. जानेवारीच्या अंधारात काकडी चावल्याचा आवाज फार लांबवर ऐकू येतो. गुन्वोरला मुळे आवडत, आर्नफिन शेपू मागून नेई. मला काकडी आवडे, आणि खरे सांगायचे तर मोत्रियाचे बोलणेही आवडे. चार शब्द सुनावल्याशिवाय ती कांद्याची काडी हातात ठेवत नसे.

बेटावर राहण्याचा नियम साधा आहे. ज्याला इथे स्वतःचे पोट भरता येते त्याने राहावे, ज्याला येत नाही त्याने पुढच्या बोटीने जावे. मोत्रियाचे पोट त्या मातीवर होते. माती गेली असती तर तिला जावे लागले असते, आणि कुठे जायचे हे तिलाही सांगता आले नसते. हे तपासणीला निघताना आम्हा तिघांनाही पक्के ठाऊक होते. म्हणूनच आम्ही ती अतिशय निःपक्षपातीपणे करायचे ठरवले.

तपासणीच्या पद्धतीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. खाणीच्या दिवसांत बुटांबरोबर कोळशाची भुकटी घरात येई, म्हणून दारातच बूट काढायचा रिवाज पडला. खाण गेली, रिवाज राहिला. दुकान असो, दवाखाना असो, कचेरी असो, बूट दारात आणि माणूस लोकरी मोज्यांत. बूट घालून आत शिरणाऱ्याला आम्ही काही बोलत नाही. नुसते पाहतो, आणि तो पुन्हा तसे करत नाही.

त्यानुसार समितीने आधी केंद्रावर जाऊन स्वतःचे बूट घासले, खाचा कोरल्या, खिसे उलटे केले आणि मग काचघराच्या दारात बूट काढून आत प्रवेश केला.

"तिघं एकदम?" मोत्रियाने हातातली झारी खाली ठेवली. "कोण मेलं?"

"कुणी नाही. तपासणी आहे," गुन्वोर म्हणाली.

"कसली? मागची काकडी वाकडी निघाली म्हणून?"

"तुझ्या मातीत गांडुळं आहेत का?"

मोत्रिया पोट धरून हसली. "गांडुळं नसलेल्या मातीला काय म्हणतात, कोळसा! आहेत की. माझ्या गावची आहेत, माझ्यासारखीच जाड. बोलावू?"

"ती बाहेर जातात का?"

"बाहेर काय ठेवलंय त्यांना, बर्फ चाटायला? दाराबाहेर गेली तर गोठून काडी होतील. ती काय तुमच्यासारखी खुळी आहेत, सहलीला जायला?"

"मावशी, आम्हाला वाफे तपासावे लागतील," आर्नफिन म्हणाला. तिच्याकडे शेपूची उधारी थकल्यामुळे तो जरा मागे उभा होता.

"तपासा. पण मोजे घालून वाफ्यात उतरू नका. ओली माती आहे, लोकरीला चिकटेल. बूट तरी घाला, नाहीतर अनवाणी या."

"आत? बूट?" गुन्वोरचा चेहरा पडला. "मोत्रिया, आपण माणसं आहोत."

आम्ही वाफ्यांतून मोज्यांनी हिंडलो. गुडघे टेकून पाहिले, रांगून पाहिले. माती ऊबदार होती, आणि पायांना इतके बरे वाटले की तपासणी जराशी लांबली. मोत्रियाने प्रत्येकाच्या हातात एकेक काकडी ठेवली. तपासणीच्या कामात भेट स्वीकारणे नियमबाह्य असल्याने आम्ही ती तिथेच खाऊन संपवली. मग मोज्यांवर बूट चढवले, केंद्रावर जाऊन ते पुन्हा घासले (बाहेरून), आणि कचेरीत परत आलो. कचेरीच्या दारात बूट काढले. मोजे ओले लागत होते म्हणून पायपुसण्यावर झटकले.

निष्कर्ष काढण्यासाठी मुख्य भूमीवरच्या विद्यापीठातून हालवार नावाचे तज्ज्ञ आले. मातीतले किडे हा त्यांचा विषय. माणूस शांत, कॉफी बिनसाखरेची. त्यांनी बेटावरच्या ठिकठिकाणची माती आणून चाळण्यांवर ठेवली आणि वर दिवे लावले. दिव्याच्या उष्णतेपासून पळण्यासाठी किडे खाली उतरतात आणि खालच्या बाटलीत पडतात. पद्धत सोपी आहे आणि कोणत्याही समितीवर वापरता येईल, असे ते म्हणाले. मग त्यांनी काचघर पाहिले, आणि आम्ही नको नको म्हणत असताना बूट-स्वच्छता केंद्राची एक फळी उचलली.

आतून वाफ आली.

फळीखाली गुडघाभर खोल, काळसर, लुसलुशीत माती साचली होती. मुंबईपासून माद्रिदपर्यंत, शिकागोपासून सोलपर्यंत जिथून जिथून माणसे आली, तिथल्या तिथल्या चिमटी एकावर एक पडून, कोमट पाण्यात भिजून मुरलेल्या. सगळ्या बेटावर इतकी सुपीक जागा दुसरी नव्हती. हालवारांनी सभेत यादी सांगितली: हिरवळीवरची गांडुळे, निदान चार देशांची; कुंड्यांतल्या मातीतले बारीक पांढरे किडे; गोल्फच्या मैदानावरचे एक, कोंबड्यांच्या खुराड्यातले दुसरे; कुणा शहरातल्या कुत्री फिरवायच्या बागेतले तिसरे.

"आणि सगळ्यांची पिल्लंसुद्धा," ते म्हणाले. "गांडुळं तर फळीखालून वर, शेवाळाच्या उताराकडे निघालीयत. उतार त्यांनी खाल्ला की खालचे आपले किडे संपले. मागं काही राहणार नाही."

"पण म्हणजे केंद्रानं त्यांना पकडलं ना?" आर्नफिन म्हणाला. "काम तर केलं!"

"पकडलं. आंघोळ घातली. ऊब दिली. संसाराला लावलं."

"आणि मोत्रियाचं काचघर?" गुन्वोरने विचारले.

"तिथली जात निराळी आहे. गवताळ प्रदेशातली, काळी, आखूड. इतकी वर्षं झाली, काचघराबाहेर एक म्हणजे एक सापडलेलं नाही. तिला हात लावायचं कारण नाही. केंद्र बंद करा."



"केंद्र बंद केलं तर लोक बूट कुठं घासतील?" गुन्वोर म्हणाली.

"घासायची गरज पडणार नाही. त्यांना येऊच देऊ नका."

आर्नफिनने खिडकीबाहेर पाहिले. धक्क्याला एक पांढरी बोट लागत होती. मी तज्ज्ञांना आणखी कॉफी हवी का, असे विचारले.

समितीपुढची अडचण वाचकांनी समजून घ्यावी. केंद्राखालची माती दोषी होती, यात शंका नाही. पण ती कुणाची होती? प्रत्येकाने चिमूटभरच टाकलेली. चिमूटभर मातीला कायद्यात माती म्हणत नाहीत, घाण म्हणतात. शिवाय टाकणारे सगळे परत गेलेले, आनंदी आणि समाधानी. दोष द्यायचा तर आधी त्याचा पत्ता लागतो, हे गुन्वोरचे म्हणणे टपालखात्यातल्या अनुभवाला धरूनच होते. अख्ख्या बेटावर माती आणि पत्ता या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीजवळ होत्या. तिच्याविरुद्ध फक्त पुरावा नव्हता.

तो सुदैवाने मिळाला. हालवार निघाले, दारात बूट घालायला खाली बसले आणि तसेच बसून राहिले. पायपुसण्याच्या काथ्यात एक काळे, आखूड गांडूळ वळवळत होते. शेजारी मोहरीच्या दाण्याएवढी दोन अंडी होती.

"हे काचघरातलं आहे," ते म्हणाले.

गुन्वोरने डोळे मिटून श्वास सोडला. आर्नफिनने माझा खांदा दाबला. आमचा जीव भांड्यात पडला.

"अहो, पण हे तुमच्या मोज्यांना चिकटून आलंय!" हालवार म्हणाले. बेटावर सगळ्यांना अरेतुरे असले, तरी ते त्या दिवसापासून आम्हाला अहोजाहो करू लागले. "वाफ्यात मोज्यांनी कोण फिरतं? तुम्हीच आणलंत हे!"

"कसं आलं हा तपशील झाला," गुन्वोर म्हणाली. "कुठून आलं ते महत्त्वाचं. सिगवाल्ड, लिही."

मी लिहिले. नियम सात सांगतो, की ज्याच्या ताब्यात परकीय माती असेल आणि तीतून जीव बाहेर पसरल्याचे आढळेल, त्याची माती काढून मान्यताप्राप्त ठिकाणी टाकावी. परकीय माती टाकण्याचे मान्यताप्राप्त ठिकाण बेटावर एकच आहे: बूट-स्वच्छता केंद्र. हे ऐकून हालवार घशातल्या घशात काहीतरी म्हणाले आणि पुढची बोट कधी आहे, ते विचारू लागले.

मोत्रियाला निर्णय सांगायला मी गेलो. ती शेपू खुडत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे तुमच्याच मोज्यांवर बसून गेलं ते?"

"हो."

"मी सांगितलं होतं ना, मोजे काढा म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"तेही लिहून ठेव मग कुठंतरी," ती म्हणाली आणि खुडलेला शेपू माझ्या हातात कोंबला. "आर्नफिनला दे. आधीचे पैसे दिले नाहीत म्हणावं मेल्यानं."

आमच्याकडे श्रमदानाची जुनी परंपरा आहे. कुणी हाक दिली की गावातल्या प्रत्येकाने फावडे घेऊन यायचे, कुणी पैसे मागायचे नाहीत आणि शेवटी सगळ्यांनी वाफल्स खायचे. काचघर रिकामे करायला झाडून सगळे गाव आले. ज्यांनी आयुष्यभर मोत्रियाच्या काकड्या खाल्ल्या, तेच सर्वांत जोमाने खणत होते. लोकांच्या मनात एखाद्याबद्दल किती माया आहे हे अशा वेळी दिसते. मोत्रिया दारात उभी होती. थोड्या वेळाने तिला पाहवेना.

"अरे, मुळं अशी तोडू नका! फावडं आडवं धर, आडवं!" ती ओरडली, एकाच्या हातातले फावडे ओढून घेतले आणि स्वतःच खणू लागली. तिच्यामुळे काम लवकर आटोपले. गाडे भरभरून माती धक्क्यावर गेली आणि केंद्राच्या फळ्यांखाली, कोमट पाण्याच्या नळीशेजारी, नियमानुसार ओतली गेली. तिथल्या रहिवाशांनी तिचे कसे स्वागत केले, हे पाहण्याची तरतूद नियमावलीत नाही. वाफल्स छान झाले होते. मोत्रियाने खाल्ले नाहीत.

शरदातल्या शेवटच्या बोटीने ती गेली. तिची पेटी मी उचलली. मला वाईट वाटत होते, चांगलेच वाईट वाटत होते. इतिवृत्तात त्याला जागा नव्हती म्हणून इथे लिहितो.

"सिगवाल्ड," बोटीच्या फळीवर पाय ठेवण्याआधी ती म्हणाली, "तुझ्या त्या यादीत मला कुठं घातलंस?"

"परकीय. तात्पुरती."

"आणि स्वतःला?"

"तेच."

"मग तू का नाहीस बोटीत?"

इतक्यात भोंगा वाजला, त्यामुळे माझे उत्तर नोंदवता आले नाही. मोत्रिया आता मुख्य भूमीवरच्या एका शहरात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहते आणि कुठल्याशा दवाखान्यात फरशी पुसते. मी तिला नाताळात कार्ड पाठवतो. तिच्याकडून येत नाही.

बेटाचे मात्र चांगले चालले आहे. पुढच्याच उन्हाळ्यात केंद्राच्या फळ्यांच्या फटींतून शेपू वर आला. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ध्रुवाच्या इतक्या जवळ असे काही उगवलेले कुणी पाहिलेले नसते. गांडुळे उताराच्या निम्म्यावर पोचली. तिथले शेवाळ हाताने उचलले की सालपटासारखे निघून येते आणि खाली काही हलत नाही. आर्नफिनने तिथे पाटी लावली: 'आहे तोवर पाहून घ्या.' पाटी लागल्यापासून बोटी दुपटीने येतात, म्हणून केंद्रात दुसरी कोमट नळी बसवली आहे.

काचघर रिकामे होते, ते आम्ही वाया जाऊ दिले नाही. तिथे पलंग मांडले, पांढऱ्या चादरी घातल्या, आणि आता काचेखाली झोपून मध्यरात्रीचा सूर्य पाहता येतो. जमिनीखालच्या ऊबेच्या नळ्या मुळांसाठी घातल्या होत्या, त्या पाहुण्यांच्या पाठीला मानवतात. पुढच्या दोन हंगामांची नोंदणी पूर्ण झाली आहे आणि तीत तुमच्या बाजूची नावे बरीच दिसतात: देशपांडे, शिंदे, एक गोखल्यांचे अख्खे कुटुंब.

तुम्हीही याल. आमच्यावर मनसोक्त हसून झाले, की या बेटावर जायला किती खर्च येतो ते तुम्ही पाहाल. मग याल, बूट मन लावून घासाल आणि रात्री त्या काचेखाली गाढ झोपाल. सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन, बाहेरच्या ओसाड, स्वच्छ, सुंदर बेटाकडे पाहत तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात, "इथं आधी कुणी राहत होतं का हो?"

आम्ही सांगतो, "छे, कुणीच नाही." त्यावर तुमचा चेहरा किती खुलतो, हे तुम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसते. त्या चेहऱ्यासाठीच तर मोत्रियाला घालवले.